ऐंशीची टीं-टीं

समृद्धी महामार्गावर पाटी १२० ची आहे, आणि माझी गाडी ८० लाच टीं-टीं करायला लागते. दर मिनिटाला दोनदा. नागपूरहून मेहकरला जायला पावणेतीनशे-तीनशे किलोमीटर, म्हणजे शंभरच्या वेगाने धरले तर जवळजवळ तीन तास. किती टीं झाले त्याचा हिशोब तुम्हीच करा. महिन्यातून दोन शनिवार मी ही वारी करतो, कारण घर मेहकरच्या पलीकडे, चिखलीच्या बाजूला आहे आणि घरी आई-बाबा आहेत.

आता ही टीं-टीं काही गाडीतला बिघाड नव्हे. भारतात १ जुलै २०१९ पासून बनणाऱ्या गाड्यांना हा आवाज सक्तीचा झाला. ८० च्या वर गेलात की मिनिटाला दोनदा, आणि १२० च्या वर गेलात की अखंड. नियम झाला तेव्हा समृद्धी सुरू व्हायची होती. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला, आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला. सगळा मिळून ७०१ किलोमीटर, सहा पदरी, दुचाकी-तिनचाकीला बंदी. या रस्त्यावर ८० हा वेग म्हणजे मागच्याला अडथळा. पण यंत्राला रस्ता कुठला ते माहीत नाही, त्याला फक्त आकडा माहीत आहे.

मंडळी, टीं-टीं ही तर नुसती सुरुवात. माझ्या गाडीत त्याच्यावर आणखी बरंच काही आहे. पुढच्या गाडीपासून अंतर राखणारा क्रूझ कंट्रोल, पट्ट्याच्या मधोमध ठेवणारं स्टिअरिंग, समोर काही आलं की ओरडणारी आणि वेळ पडली तर ब्रेक मारणारी यंत्रणा. या सगळ्याला मिळून 'अडास' म्हणतात. (आमच्या गावात एकाने विचारलं, "आडस लावली का गाडीले?" मला वाटलं आळस म्हणाला. तेही फार चूक नव्हतं.) भारतात हे प्रकरण मुख्यतः २०२० नंतर पसरलं आणि चार-पाच वर्षांत वीस लाखांच्या आसपासच्या गाड्यांमध्येही दिसायला लागलं. पण त्याचा इतिहास बराच जुना आहे, आणि माझा त्रास नेमका कुठून येतो ते त्या इतिहासात सापडतं. म्हणून हा उद्योग.

पायाला परत ढकलणारं पेडल

यंत्राचा वेग यंत्रानेच सांभाळायचा ही कल्पना वाफेच्या इंजिनाइतकी जुनी. जेम्स वॅटने १७८८ मध्ये इंजिनाला फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर जोडला. वेग वाढला की गोळे बाहेर फेकले जातात आणि वाफ कमी होते, वेग उतरला की उलट. आजचा क्रूझ कंट्रोलही तत्त्वाने तेच करतो.

मोटारीत तो आणला राल्फ टीटर नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने. इंडियाना राज्यातला हा माणूस वयाच्या पाचव्या वर्षापासून आंधळा होता. पिस्टन रिंग बनवणारी कंपनी चालवायचा. असं सांगतात की त्याचा वकील गाडी चालवताना बोलायला लागला की वेग कमी करायचा आणि ऐकायला लागला की वाढवायचा, आणि शेजारी बसलेल्या टीटरला त्या हिसक्यांचा वैताग यायचा. गोष्ट खरी असो वा रंगवलेली, त्याला १९५० मध्ये पेटंट मिळालं हे नक्की. क्रायस्लरने १९५८ च्या मॉडेलवर हे यंत्र दिलं आणि नाव ठेवलं 'ऑटो-पायलट'. म्हणजे नाव फुगवून सांगायची खोड आजची नाही. 'क्रूझ कंट्रोल' हे साधं नाव नंतर कॅडिलॅकने रूढ केलं.

पण मला यातली खरी महत्त्वाची गोष्ट वेगळी वाटते. टीटरचं सुरुवातीचं यंत्र गाडी चालवत नव्हतं. तुम्ही डायलवर वेग ठरवायचा, आणि त्या वेगाला पोचलात की पेडल पायाला उलटं ढकलायचं. बस्स. पाय तुमचाच, दाबणं तुमचंच, यंत्र फक्त सांगतंय की मर्यादा आली. तेही आवाज न करता, ज्या पायाने चूक होतेय त्याच पायाला. वेग आपोआप पकडून ठेवणारं कुलूप त्यावर नंतर आलं.

आठवण करून देणं आणि स्वतः करणं, या दोन गोष्टींतला फरक इथे पहिल्यांदा पुसला गेला. पुढची साठ-सत्तर वर्षं त्याच वाटेने गेली.

न उघडलेल्या रस्त्यावर शिकलेला डोळा

वेग सांभाळणं सोपं, पण समोर बघणार कोण? हे काम म्युनिकच्या अर्न्स्ट डिकमान्स यांनी मनावर घेतलं. १९८७ मध्ये त्यांच्या टीमची पाच टनांची व्हॅन कॅमेऱ्याच्या जोरावर ताशी ९६ किलोमीटरने आपोआप धावली. कुठे? वाहतुकीला अजून न उघडलेल्या जर्मन ऑटोबानच्या तुकड्यावर. म्हणजे रस्ता कोरा करकरीत, पट्टे शुभ्र, समोर कोणी नाही. त्या काळच्या कॉम्प्युटरच्या ताकदीत ही कमाल होती, आणि ती जमली त्याचं एक कारण म्हणजे ऑटोबानची वळणं ठरावीक गणिती वक्रानेच बांधलेली असतात. कॅमेऱ्याला सगळं चित्र समजायची गरज नव्हती, त्या वक्राचे दोन-चार आकडे काढले की झालं. १९९५ मध्ये त्यांचीच दुसरी गाडी म्युनिकहून डेन्मार्कच्या ओडेन्सेपर्यंत जाऊन आली, बहुतेक सगळा वेळ आपोआप.

त्याच दशकात जपानमध्ये मित्सुबिशीने आधी लेझरने अंतर मोजून नुसती सूचना देणारी गाडी आणली (१९९२), आणि मग १९९५ मध्ये वेग स्वतः कमी करणारी. दशकाच्या अखेरीस मर्सिडीजने रडार आणलं. पट्टा सोडला की इशारा देणारी यंत्रणा २००० साली युरोपातल्या ट्रकवर आली. प्रत्येक ठिकाणी तोच क्रम, आधी सूचना, मग कृती.

आणि या सगळ्यांच्या मुळाशी काय, तर रस्त्यावरची रेघ. रस्त्याच्या मधोमध रेघ मारायची कल्पना मिशिगनच्या एडवर्ड हाइन्सने १९११ मध्ये अमलात आणली. दुधाच्या गळक्या गाडीमागे रस्त्यावर पडलेली पांढरी धार बघून त्याला ती सुचली म्हणतात. माणसासाठी मारलेली ती रेघ पुढे कॅमेऱ्याची काठी झाली. जिथे रेघ नाही तिथे कॅमेरा आंधळा.

मेहकरला खाली उतरल्यावर

आता या पार्श्वभूमीवर माझा शनिवार बघा. समृद्धी ही जवळजवळ डिकमान्स यांची ऑटोबान आहे. सरळ, दोन्ही बाजूंनी कुंपण, रेघा स्पष्ट. तिथे माझी गाडी गुणी बाळासारखी वागते. वर्धा, धामणगाव, कारंजा, मालेगाव मागे पडतात आणि मला काही करावंच लागत नाही.

मेहकरला खाली उतरलं की चित्र पालटतं. कडेची रेघ मातीखाली गेलेली. ऑक्टोबरात अर्ध्या रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलेलं, त्याच्या कडेला दगड मांडलेले. समोर कापसाने फुगलेली ट्रॉली, तिच्यामागे बंडी, बंडीला ना दिवा ना रिफ्लेक्टर. बंडीला टाळायला मी उजवीकडे घेतो, इंडिकेटर राहिला तर स्टिअरिंग मला परत डावीकडे ओढतं, म्हणजे बरोब्बर बंडीकडे. कारण गाडीच्या मते मी 'पट्टा सोडतोय'. एखादा मोटारसायकलवाला बाजूने कापून पुढे घुसला (आणि ते दर दोन मिनिटांनी होतं) की लाल दिवा, आवाज आणि कधी कधी ब्रेकचा गचका. मागे एसटी असेल तर त्या गचक्याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात याला अलर्टचा शीण म्हणतात. रात्री सर्व्हरवर नजर ठेवणाऱ्या माणसाला पन्नास खोटे निरोप आले की एक्कावन्नावा खरा निरोपही तो झोपेत बाजूला सारतो. त्यात त्याचा आळस नसतो, आतापर्यंतच्या अनुभवावरून काढलेला तो रास्त निष्कर्ष असतो. निरोप पाठवणाऱ्या प्रोग्रॅमला मात्र वाटतं, मी सांगितलं होतं, माझी जबाबदारी संपली.

म्हणजे गंमत बघा. जिथे मला मदत हवी त्या रस्त्यावर यंत्र गोंधळतं, आणि जिथे यंत्र उत्तम चालतं तिथे काम इतकं सोपं आहे की मला झोप येते.

झोप

आणि इथे थट्टा संपते. १ जुलै २०२३ च्या पहाटे, मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास, सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा इथे समृद्धीवर पुण्याकडे जाणारी खाजगी बस उलटली आणि पेटली. २५ माणसं गेली. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला, आमच्याच जिल्ह्यातल्या सैलानी बाबांचं दर्शन घेऊन नाशिककडे परतणाऱ्या भाविकांची छोटी बस वैजापूरजवळ ट्रकवर मागून आदळली. १२ गेले. प्रत्येक अपघाताची कारणं वेगळी, आणि ती ठरवायचा मला अधिकार नाही. पण त्या वर्षी 'हायवे हिप्नॉसिस' हा शब्द आमच्याकडे पानटपरीवर पोचला एवढं खरं.

माणसाचं लक्ष किती वेळ टिकतं याचा एक जुना प्रयोग आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाचे लोक विमानात बसून रडारवर पाणबुड्या शोधायचे आणि काही वेळाने समोर दिसणाऱ्या खुणाही त्यांच्या नजरेतून सुटायच्या. नॉर्मन मॅकवर्थ यांनी त्यासाठी एक घड्याळ बनवलं. काटा टिक-टिक पुढे सरकतो, मधूनच एकदा दुप्पट उडी मारतो, ती दिसली की बटण दाबायचं. १९४८ मध्ये निष्कर्ष छापून आले. पहिल्या अर्ध्या तासातच माणसांच्या चुका ठळकपणे वाढतात. अर्ध्या तासात! नागपूरहून निघालो तर मी तेव्हा वर्ध्यालाही पोचलेलो नसतो.

पुढे १९८३ मध्ये लिझान बेनब्रिज यांनी एक छोटासा शोधनिबंध लिहिला, विषय 'स्वयंचलनातले विरोधाभास'. म्हणणं साधं आहे. सोपं काम यंत्राला दिलं आणि अवघड तेवढं माणसाला ठेवलं. मग दिवसभर माणसाने काय करायचं, तर यंत्राकडे बघत बसायचं, जे त्याला सगळ्यात वाईट जमतं. आणि यंत्र हरलं की एका क्षणात सूत्रं हाती घ्यायची, सराव सुटलेल्या हातांनी. त्यांच्या डोळ्यांपुढे कारखाने आणि विमानं होती. पण हा निबंध वाचताना मला सारखा मेहकरचा उतार आठवतो.

माझ्या गाडीसारख्या यंत्रणा 'लेव्हल २' मध्ये मोडतात. अर्थ असा की स्टिअरिंग, ब्रेक, वेग सगळं गाडी करील, पण जबाबदारी पूर्ण तुमची. हात काढला की काही सेकंदांत ती ओरडते, 'स्टिअरिंग धरा'. त्यावरही लोकांनी तोडगे काढले. परदेशात कोणी स्टिअरिंगच्या फटीत संत्रं खोचलं, म्हणजे वजनामुळे गाडीला हात असल्यासारखं वाटतं. (नागपूरकरांना यात व्यापाराची संधी दिसली नाही हे नशीब.) आपल्याकडे चालत्या गाडीत मांडी घालून बसलेल्यांचे व्हिडिओ निघाले.

रेल्वेने काय केलं

हाच प्रश्न आमच्या जिल्ह्यात रस्त्याच्या कितीतरी आधी रुळांवर आला होता. भुसावळहून मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव करत जाणारी लाईन १८६७ मध्ये नागपूरला पोचली. १८७० मध्ये जलंबहून खामगावच्या कापूस बाजारासाठी फाटा निघाला. सरळ रूळ, रात्रभर एकसारखा आवाज, आणि हातात हजार-बाराशे माणसांचे जीव. त्या ड्रायव्हरचा डोळा लागला तर?

आज त्या लाईनवर धावणाऱ्या इंजिनात दक्षतेचं एक उपकरण असतं. लोको पायलटने साधारण मिनिटभर काहीच केलं नाही, म्हणजे वेग बदलला नाही, भोंगा वाजवला नाही, ब्रेकला हात लावला नाही, तर आधी दिवा लागतो. दिव्याकडे लक्ष गेलं नाही तर भोंगा. तरीही काही नाही तर गाडीला ब्रेक लागतात. म्हणजे हे यंत्र काम ड्रायव्हरकडेच ठेवतं आणि तो ते करतोय की नाही एवढंच बघतं. शिवाय काम चालू असेल तर ते गप्प बसतं! ज्याने आत्ताच भोंगा वाजवला त्याला ते छळत नाही. माझ्या टीं-टीं ला मी जागा आहे की झोपलेला याच्याशी काही देणंघेणं नाही, त्यामुळे मी जागा असताना ती त्रास देते आणि पेंगत असताना अंगाईसारखी वाजते.

मोठ्या बाबांचे बैल

आमचे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, आता ऐंशीच्या पुढे आहेत. तरुणपणी कापसाची बंडी घेऊन रात्री बाजाराला जायचे. बंडीखाली कंदील टांगलेला, अंगावर घोंगडी, आणि परतताना धुरकरी सरळ झोपून जायचा. बैल घरी आणून सोडायचे. गाडीचं कौतुक सांगायला गेलो तर ते म्हणाले, "यात नवं काय हाय रे बापू? आमचे बैल बी आनत होते."

मी म्हटलं, "मग मोठे बाबा, पुढे झोपणं बंद का केलं?"

"मोटारी आल्या ना. बैल घर ओयखते, मोटर नाही ओयखत."

एवढ्या वाक्यात सगळा मामला आला. बैलाला ओळखीची वाट जमते. वाटेवर नवीन काही आलं की धुरकऱ्याला कासरा हातात घ्यावाच लागतो, आणि त्यासाठी तो जागा असावा लागतो. रडारचंही तसंच आहे. पुढे पळणारी गाडी त्याला छान कळते. पण रस्त्यात उभं असलेलं वाहन कळेलच असं नाही, कारण पूल, पाट्या, कठडे अशा हजार स्थिर गोष्टींमधून ते वेगळं काढणं कठीण, आणि प्रत्येक पाटीला ब्रेक मारला तर गाडी चालायचीच नाही. हे गाड्यांच्या माहितीपुस्तकात लिहिलेलं असतं. आणि रात्रीच्या महामार्गावर कडेला दिवे न लावता उभा असलेला ट्रक हीच तर आपली सगळ्यात मोठी भीती!

म्हणून मी माझ्यापुरतं ठरवून टाकलंय. समृद्धीवर वेग १०० ला लावतो, पण स्टिअरिंगची मदत बंद, म्हणजे हाताला काम राहतं. टक्कर होण्याचा इशारा मात्र सगळीकडे चालू, कितीही ओरडला तरी. शंभर किलोमीटरला एकदा थांबून चहा. आणि रात्री निघायचं नाही. बाबा फोनवर म्हणतात, "गाडी आपोआप चालते म्हन्तेत ना, मंग रातीच निघ ना, सकायी घरी." त्यांना मी मोठ्या बाबांचंच उत्तर ऐकवतो.

पण माझं ठरवणं सोपं आहे. गाडी माझी, शनिवार माझा. रात्रीच्या बसच्या ड्रायव्हरचं काय? २०२५ साली केंद्र सरकारने मोठ्या बस आणि ट्रकसाठी आपोआप ब्रेक, पेंग आल्याचा इशारा आणि पट्टा सोडल्याचा इशारा सक्तीचे करायचा मसुदा काढला. विचार चांगलाच आहे. युरोपात मोठ्या वाहनांना ब्रेकची अशी यंत्रणा कधीचीच सक्तीची आहे आणि तिचा फायदाही झालाय. पण त्याच बसला समृद्धी संपली की आमचे रस्ते लागतात. तिथे ते यंत्र सोयाबीन, बंडी, ट्रॉली आणि मोटारसायकल पाहून तासभर ओरडत राहिलं, तर ड्रायव्हर काय करील ते सांगायला इंजिनिअर लागत नाही. कॅमेऱ्यावर चिकटपट्टी, भोंग्याची वायर सुटी. आणि मग रात्री दीड वाजता, रिकाम्या सरळ रस्त्यावर, जेव्हा त्याच्या एका इशाऱ्याने पंचवीस माणसं वाचली असती, तेव्हा ते गप्प असेल.

तेव्हा हे यंत्र पास करणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. त्याची परीक्षा कोऱ्या ट्रॅकवर घ्या, जरूर घ्या. पण नंतर ते बसवलेली एक बस ऑक्टोबर महिनाभर मेहकर-चिखली रस्त्यावर चालवा, आणि महिन्याच्या शेवटी एवढंच बघा की ड्रायव्हरने ते चालू ठेवलंय की नाही.